फलश्रुतीचा रकाना

आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांना एक प्रश्न विचारायची सोय नाही: तुमच्या संशोधनातून काय झालं? वय विचारा, चार वर्षं कमी करून का होईना, सांगतील. घरचं भांडण विचारा, खुर्ची ओढून घेऊन सांगतील. पण ‘काय झालं’ म्हटलं की समोरचा असा बघतो, जशी मी त्याच्या देवघरात चपला घालून शिरले. आणि मला पगार मिळतो तो नेमका हेच विचारायचा.

आधी मी सोलापुरातच शाळेत मराठी शिकवायचे. पटसंख्या घटली, तुकडी बंद झाली आणि ओळखीने मी या महाविद्यालयाच्या संशोधन कक्षात समन्वयक म्हणून लागले, कंत्राटी. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. आत एक टेबल, एक संगणक आणि क्रीडा विभागाने ‘तात्पुरत्या’ म्हणून आणून ठेवलेल्या लेझिमी. बाहेरच्या संस्था आमच्या प्राध्यापकांना संशोधनासाठी निधी देतात आणि वर्षाअखेरीला म्हणतात, काय झालं ते कळवा. त्यांचा प्रश्न प्राध्यापकांपर्यंत न्यायचा आणि प्राध्यापकांचं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचवायचं, एवढंच माझं काम. जाताना काही अडचण नसायची. येताना हात रिकामे असायचे.

यातली एक संस्था मोठी चोख होती. तिच्या फॉर्मात तीनच प्रश्न असत, आणि शेवटी अडचणींसाठी एक रकाना. काय बदललं? कुणासाठी बदललं? तुम्हाला ते कसं कळलं? चौथीतल्या पोरालाही समजतील असे प्रश्न, आणि म्हणूनच ते आमच्याकडे कुणाला समजेनात.

त्यात प्राचार्यांनी फर्मान काढलं की यापुढे परिपत्रकं शुद्ध मराठीत निघाली पाहिजेत. मग फॉर्मातल्या ‘आउटकम’ला मराठी शब्द काय, यावर बैठक बसली. मी म्हटलं, ‘फलित’ लिहू. इतिहासवाले म्हणाले, त्याला ज्योतिषाचा वास येतो. ‘निष्पत्ती’ म्हटलं, तर तो शब्द प्राथमिक शिक्षकांच्या कागदांत असतो, आपल्या दर्जाला शोभत नाही. चहा आला, शेंगापोळी आली, आणि ती संपता संपता कुणीतरी ‘फलश्रुती’ हा शब्द टाकला. सगळ्यांना तो एकदम भारदस्त वाटला. मी सांगायला गेले की फलश्रुती स्तोत्राच्या शेवटी असते. हे स्तोत्र जो रोज म्हणेल त्याची भरभराट होईल, संकटं टळतील, असं आश्वासन त्यात असतं. काय झालं ते त्यात नसतं, काय होईल ते असतं. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, तुम्ही फार खोलात जाता.”

फॉर्म गेले, भरून आले आणि प्रत्येकाने इमानेइतबारे फलश्रुतीच लिहिली होती. ‘या संशोधनामुळे समाजात जागृती होईल.’ ‘विद्यार्थ्यांना प्रेरणा मिळेल.’ ‘धोरणकर्त्यांना दिशा लाभेल.’ कुणासाठी बदललं, यापुढे इतिहासवाल्यांनी लिहिलं होतं, ‘अखिल मानवजातीसाठी.’ कसं कळलं, यापुढे वाणिज्यवाल्यांनी लिहिलं होतं, ‘स्वानुभवाने’, आणि पुरावा म्हणून आंतरराष्ट्रीय परिषदेत शाल-श्रीफळ स्वीकारतानाचा फोटो जोडला होता. ती परिषद आमच्याच सभागृहात झाली होती. आंतरराष्ट्रीय अशासाठी, की नेपाळचे एक गृहस्थ मोबाइलवरून बोलले होते. त्यांचा आवाज आला नव्हता, पण ओठ हलताना सगळ्यांनी पाहिले होते.

‘होईल’ हा एक रोग. दुसरा रोग ‘करण्यात आले’. सर्वेक्षण करण्यात आले, चर्चा करण्यात आली, मार्गदर्शन करण्यात आले. कुणी केलं? पत्ता नाही. शाळेत मी पोरांना दरडावायचे, वाक्यात कर्ता कुठाय, कर्ता दाखव! इथे कर्ते चांगले पगारी होते आणि वाक्यात सापडत नव्हते. मी लाल पेनाने ‘होईल’ खोडून त्यावर ‘झाले का?’ लिहायचे आणि ‘करण्यात आले’खाली रेघ मारून ‘कोणी?’ असं विचारायचे. फॉर्म परत जायचे. मग प्राध्यापक मला जिन्यात गाठून सुनवायचे, “मॅडम, हे संशोधन आहे, शाळेतला निबंध नाही.” मला तर तो निबंधच वाटायचा, ‘मी पंतप्रधान झालो तर’ या जातीचा.

सगळ्यांत निवांत होते रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. सरांनी तुरीच्या तुराट्या जाळून, त्यावर काही प्रक्रिया करून, एक कोळसा बनवला होता. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ एक गाव आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. ते पिऊन पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. सरांचा कोळसा ते फ्लोराइड पाण्यातून ओढून घेतो. गावातल्या शाळेत त्यांनी त्या कोळशाची टाकी बसवली होती. कोळसा अधूनमधून बदलावा लागतो, आणि पुढचा कोळसा ती चोख संस्था देणार होती, पण काय बदललं ते कळल्यावरच. नाही कळलं तर टाकीचा नुसता पत्र्याचा डबा होणार. बाकीच्यांच्या फॉर्मावर फार तर त्यांचा मान टांगलेला होता. या एका फॉर्मावर एका शाळेचं पिण्याचं पाणी टांगलेलं होतं. आणि सरांनी लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांना शुद्ध पेयजल उपलब्ध होईल.’ सोबत शोधनिबंधांची चळत.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. “सर, होईल की झालं?”

“मॅडम, पेपर्स जोडलेत ना. जर्नल बघा कुठलं आहे.”

“पोरं जर्नल पितात का, सर?”

सर प्रसन्न हसले. “तुमचा विषय मराठी, नाही का?”

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. कुठल्यातरी कागदावर संपर्क म्हणून आमच्या कक्षाचा नंबर होता. बाई मूळच्या बार्शीच्या, बोलणं मऊ, पण फोन ठेवायला तयार नाहीत. “मॅडम, त्या पाण्याचं काय झालं?” त्यांनी विचारलं. मी चाट पडले. हा प्रश्न मी जगाला विचारते, मला कुणी विचारलेला नव्हता. म्हटलं, बाई, टाकी तर तुमच्या व्हरांड्यात आहे, मला कसं माहीत असणार? त्या म्हणाल्या, “तुम्ही एकदा येऊनच बघा की.”

गेले. अक्कलकोटपर्यंत एसटी, दर्शनाला निघालेल्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन; पुढे वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये एका बाजूने मराठी आणि दुसऱ्या बाजूने कन्नड ऐकत. शाळा लहानशी. व्हरांड्यात टाकी उभी होती, नवीकोरी. तिच्या तोटीभोवती लोखंडी पेटी, पेटीला कुलूप आणि कुलपावर लाल रिबिनीचं मोठं फूल. शेजारी भिंतीवर संगमरवरी पाटी, तिच्यावर छोटा पडदा. पडदा सारून पाहिलं तर उद्घाटक म्हणून एका बड्या पाहुण्यांचं नाव कोरलेलं आणि तारखेच्या जागी रिकामा दगड.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी चुलीपासून उठून आल्या. “लई दिवस झालं की, रिबीन बांधून ठिवलीया. नारळबी आणलावता. त्यो आता खवाट झाला आसंल.”

“मग मुलं पाणी कुठलं पितात?”

“बोअरचंच, दुसरं कुटलं? किल्ली तितं, सोलापुरात हाय सायबांकडं.”

मुख्याध्यापिकेने सगळं समजावून सांगितलं. टाकी बसली तेव्हा पाहुण्यांना वेळ नव्हता. त्यांना वेळ मिळाला तेव्हा निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहिता उठली तर पितृपक्ष. पितृपक्ष सरला तर पाहुणे परदेशी. तोवर किल्ली सरांच्या खिशात. सर वाक्य खरंच लिहीत होते, बिचारे. पाणी उपलब्ध होईल. कुणी फीत कापली तर होईल.

मुलं भोवती जमली. आपापसांत कन्नडमध्ये काहीतरी बोलत आणि हसत होती. हसताना पोरी तोंडावर हात धरत होत्या. मला आधी वाटलं, लाजतात. मग एकीचा हात खाली आला आणि मला दात दिसले, आणि मला सणकून राग आला. मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, “मोठ्यांचं आता काही होणार नाही, मॅडम. पण पहिलीतल्यांचे दुधाचे दात पडायला लागलेत. नवे येतील ते तरी चांगले यावेत, एवढंच.”

मी म्हटलं, कुलूप तोडू या. त्या दचकल्या. त्यांना नोटीस येईल, खुलासा द्यावा लागेल, सरकारी मालमत्तेचं नुकसान म्हणतील. त्यांची मान खाली गेली आणि मी तो विषय सोडला.

सोलापुरात परत आल्यावर सरांना गाठलं. ते अजिबात ओशाळले नाहीत. “उद्घाटनाशिवाय कसं सुरू करणार? प्रोटोकॉल असतो, मॅडम.” पाहुणे कुठल्याशा मोठ्या समितीचे अध्यक्ष होते आणि सरांच्या बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावरून जाणार होती, हे मला नंतर शिपायाकडून कळलं. शिपायाचं वाक्य मात्र चोख होतं, त्यात कर्ताही होता आणि कर्मही.

त्याच आठवड्यात त्या चोख संस्थेतल्या बाईंचा फोन आला. त्यांनी फार बोलणं लावलं नाही. म्हणाल्या, “निबंध मिळाले. एक मूल एक पेला पाणी प्यायलं का, एवढंच कळवा. महिनाअखेर उत्तर आलं नाही तर आम्ही हे काम बंद करू.” मी तसंच्या तसं सरांना सांगितलं. सर क्षणभर विचार करून म्हणाले, “मग लिहा ना, ‘मिळत आहे’.”

म्हणजे इतकी वर्षं मी यांना भविष्यकाळातून बाहेर या म्हणत होते, आणि हे बाहेर आले ते थेट थापेत आले. मी म्हटलं, सर, मी हे लिहिणार नाही. आणि विचारलं तर कुलपाचा फोटोही पाठवीन. आवाज थोडा चढलाच माझा. बाजूच्या खोलीतलं प्रात्यक्षिक थांबलं. सर पहिल्यांदा गंभीर झाले.

यांच्याशी भांडून काही मिळणार नाही, हे मला कळत होतं. यांना त्यांच्याच भाषेतली पळवाट दाखवायला हवी होती. मी म्हटलं, “सर, उद्घाटन होईल तेव्हा होईल. तोवर टाकी ‘प्रायोगिक तत्त्वावर’ सुरू करायला काय हरकत आहे?”

सरांचा चेहरा उजळला. प्रायोगिक तत्त्वावर! आपल्याकडे या दोन शब्दांनी रस्ते सुरू होतात, बसगाड्या सुरू होतात, निम्मा कारभार चालतो, आणि कुणाचाही मान दुखावत नाही. “हे चालेल,” ते म्हणाले. “फक्त रिबीन सुटू देऊ नका.”

मग मीच किल्ली घेऊन गेले. रिबिनीचं फूल अलगद बाजूला सारून मुख्याध्यापिकेने कुलूप काढलं आणि तोटी सोडली. पहिला पेला त्यांनी मला दिला. पाणी गोड होतं. खरंच गोड होतं, हेच तर मला सर्वांत जास्त चिडवत होतं. सरांच्या कोळशात दम होता. या माणसाकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं, आमच्या साऱ्या महाविद्यालयात त्याच्या एकट्याकडे होतं, आणि ते सोडून तो बाकी सगळं सांगत होता. पहिलीतली पोरं पेल्यासाठी ढकलाढकली करत होती आणि मावशी त्यांना पळीने धमकावत रांगेत लावत होत्या. मी संस्थेच्या बाईंना कळवलं, पाणी सुरू झालं. त्यांनी थोडी मुदत दिली: काही महिने बघू, मग पुरता अहवाल पाठवा, त्यावर कोळशाचं ठरवू.

ते महिने छान गेले. मुख्याध्यापिका अधूनमधून फोन करायच्या, पाण्याबद्दल कमी आणि पोरांबद्दल जास्त बोलायच्या. आणि मग पाहुण्यांची तारीख मिळाली.

सरांचा पहिला हुकूम निघाला: टाकी बंद करा. पाहुण्यांच्या हस्ते पाणी पहिल्यांदा वाहिलं पाहिजे. मी म्हटलं, सर, फार तर सकाळपुरती बंद करा. तर नाही, टाकी धुवायची, रंगवायची, पेटीला नवी रिबीन. कुलूप लागलं, किल्ली सोलापुरात गेली, आणि शुद्ध पाण्याच्या उद्घाटनाची तयारी म्हणून पोरं पुन्हा आठवडाभर बोअरवर आली.

उद्घाटनाच्या दिवशी शाळेपुढे मांडव होता. मुलींनी स्वागतगीत म्हटलं, तोंडावर हात न धरता म्हणा असं त्यांना बजावलेलं होतं. पाहुण्यांनी फीत कापली, पडदा सारला, तोटी फिरवली, टाळ्या झाल्या. मुख्याध्यापिकेने पहिला पेला तबकात ठेवून त्यांच्यापुढे धरला. पाहुण्यांनी तो हातात घेतला, फोटोपुरता ओठांजवळ नेला आणि टेबलावर ठेवला. मग भाषणाला उभं राहण्याआधी समोरची सीलबंद बाटली फोडून त्यातलं पाणी प्यायले. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सरांनी तर बाटलीचं झाकण धरून ठेवलं होतं.

“या प्रकल्पामुळे,” पाहुणे म्हणाले, “इथल्या बालकांना लवकरच शुद्ध पाणी मिळेल.”

माझ्या शेजारी मावशी उभ्या होत्या. त्या पुटपुटल्या, “मिळंल म्हनं! मिळतच हुतं की वो. तुमच्यापायीच बंद झालं.”

समारंभ संपला. गर्दीत पोरं तोटीशी खेळतील म्हणून सरांच्या माणसाने पेटीला कुलूप घातलं. पाहुण्यांच्या गाडीमागे सरांची गाडी निघाली. मुख्याध्यापिका खिडकीशी धावल्या, “सर, किल्ली!” सरांनी हात हलवला. म्हणाले, “पाठवतो उद्या.”

उद्या म्हणजे भविष्यकाळ. मी रोज प्रयोगशाळेत जायचे. एकदा सर परीक्षेच्या कामात होते, एकदा किल्ली दुसऱ्या पँटच्या खिशात होती, एकदा म्हणाले, “मॅडम, इतक्या छोट्या गोष्टीसाठी तुम्ही किती चकरा मारता.” फॉर्मही त्यांनी माझ्याकडेच ढकलला. “आता उद्घाटन झालं. तुम्हाला हौस आहे ना भूतकाळाची? मग तुम्हीच लिहून टाका.” संस्थेची मुदत संपत आली होती आणि टाकी पुन्हा बंद होती. खरं लिहिलं तर कोळसा जाणार, खोटं मला लिहायचं नव्हतं.

मी मुख्याध्यापिकेला फोन लावला. म्हटलं, बाई, मी सरांच्या घरी जाऊन बसते, पण किल्ली आणते.

त्या म्हणाल्या, “नको, मॅडम. कुलूप निघालं.”

“निघालं? कसं?”

मागे पोरांचा गलका आणि पेल्यांचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, “शाळेत खिचडीसाठी खलबत्ता आहे की आमच्या.”

“बाई, तुम्ही?”

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “फोनवर काय काय विचारता हो?”

त्या दुपारी मी फॉर्म भरला. काय बदललं? ‘मुले टाकीचे पाणी पितात.’ कुणासाठी? ‘या शाळेतील मुलांसाठी.’ मानवजातीला मी वगळलं. कसं कळलं? ‘मी जाऊन प्यायले.’ शेवटी ‘अडचणी’ असा रकाना होता. तिथे लिहिलं, ‘टाकीला कुलूप होते.’ पुढच्या वाक्यापाशी पेन अडलं. नोटीस, खुलासा, सरकारी मालमत्ता, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा आणि अगदी मनापासून लिहिलं, ‘ते काढण्यात आले.’

चार दिवसांनी संस्थेतल्या बाईंचा फोन आला. पुढचा कोळसा मंजूर होता, थेट शाळेच्या पत्त्यावर पाठवणार होत्या. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “कुलूप काढलं कुणी?”

“तो कर्मणी प्रयोग आहे, मॅडम,” मी म्हटलं. “त्यात कर्ता सांगावा लागत नाही.”

त्या हसल्या. म्हणाल्या, “बरं, किल्ली कुणाकडे असते ते तरी सांगा, नोंद करून ठेवते.”

“किल्ली सरांकडेच आहे,” मी सांगितलं. “कुलूप तेवढं राहिलेलं नाही.”